गुंठाभर वाडी आणि नऊ फणांचे औत

मूर्तिजापूरच्या शिवारातील एक एकर वावर जो ट्रॅक्टर तासाभरात मोगडून मोकळा होतो, तोच घरामागच्या गुंठाभर वाडीत शिरला म्हणजे पुढेमागे करीत अर्धा तास घालवतो आणि इतके करूनही जाताना कोपरे जसेच्या तसे टाकून जातो, हा अनुभव सांबार, मेथी, वांगी आणि मिरची यांपुरती बेताची जागा राखणाऱ्या बहुतेक कुटुंबांना परिचित आहे. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हा त्रैराशिक मांडले तर गुंठ्याला दीड मिनिट पुरे व्हावे. प्रत्यक्षात ते होत नाही, आणि मग चालकाच्या अंगचोरपणाला किंवा यंत्राच्या जुनेपणाला दोष दिला जातो. हा दोष बहुधा अस्थानी असतो. ज्या औताला आपण मोगडा, पंजी किंवा कल्टिव्हेटर म्हणतो, त्याचे लहान जागेतील यशापयश ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीवर फारसे अवलंबून नसते. वाडीची कोणती बाजू उघडी आहे, तिची लांबी किती आहे आणि त्या दिवशी मातीत ओल किती आहे, या तीन गोष्टींनी ते ट्रॅक्टर दारात येण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

वाडी लहान, यंत्र मोठे

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारपाणपट्टा म्हणून ओळखली जाते, आणि मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग या पट्ट्यात येतो. येथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्यामुळे विहीर खणली तरी तिचे पाणी भाजीपाल्याला मानवत नाही, आणि तेच पाणी वर्षानुवर्षे दिले तर जमिनीतील सोडियम वाढून माती अधिकच चिवट बनते. सबब भाजीची वाडी तेथेच होते जेथे नळाचे, शेततळ्याचे किंवा नदीचे गोडे पाणी थोडेबहुत हाती असते. आणि पाणी मोजके म्हणून वाडीही मोजकीच राहते.

याउलट भोवतालचे शिवार कापसाचे, तुरीचे आणि सोयाबीनचे, म्हणजे लांबलचक तासांचे आहे. मूर्तिजापूर हे तर कापसाच्या वाहतुकीसाठीच अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना अरुंदमापी आगगाडीचे फाटे फुटलेले जंक्शन. अशा मुलखात भाड्याने मिळणारा ट्रॅक्टर हा त्या मोठ्या वावरांच्या गरजेतून घेतलेला, पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीचा, जवळपास दोन टन वजनाचा, आणि मागे नऊ फणांचे औत बाळगणारा असावा, हे ओघानेच आले. वाडीला तिच्या मापाचे यंत्र मिळत नाही. शिवाराच्या मापाचे यंत्र तिला उसने घ्यावे लागते.

याच तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी वाढलेल्या देबूजींनी, म्हणजे पुढे गाडगे महाराज या नावाने ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखू लागला त्यांनी, तरुणपणी हीच काळी माती बैलांच्या औताने कसली. त्या काळच्या साधनांत एक अशी सोय होती की जिची किंमत ती गेल्यावरच कळते. बैलजोडीची ताकद साधारण एका अश्वशक्तीची, परंतु ती जवळजवळ आपल्या लांबीएवढ्या जागेत वळते. वखराची रुंदी दीड-दोन फूट. आणि कुंपणापाशी आले की शेतकरी वखर हाताने उचलून फिरवतो. ताकद अल्प, पण वळणाचा खर्च त्याहून अल्प. ट्रॅक्टरने ताकद चाळीसपट केली आणि वळण महाग केले.

फण मातीत काय करतो

नांगर माती कापून पालथी घालतो. फण तसे काही करीत नाही. त्याच्या टोकाला बसवलेला अरुंद फाळ मातीत घुसून पुढे सरकू लागला म्हणजे समोरची माती आधी दाबली जाते, आणि दाब सोसवेनासा झाला की फाळाच्या टोकापासून पुढे व वर अशी तिरपी भेग निघून मातीची एक पाचर भूपृष्ठाकडे उचलली जाते. ती वर येताना तडकते, फुटते आणि तेथल्या तेथेच पडते. म्हणूनच हे औत चालून गेल्यावर वरची माती बहुतांशी वरच आणि खालची खालीच राहते, फक्त ती भुसभुशीत झालेली असते.

या पाचरीला एक मर्यादा आहे, आणि ती समजली नाही तर औत जितके खोल तितके बरे असा भ्रम होतो. फाळाच्या रुंदीच्या साधारण पाच ते सातपट खोलीपर्यंतच माती वर उचलली जाते. त्याहून खाली फाळ गेला तर तेथील माती वर न येता बाजूंना दाबली जाते, म्हणजे मोकळी होण्याऐवजी घट्टच होते. माती ओली असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते. भाजीच्या वाडीसाठी चार ते सहा इंच खोली पुरेशी असते, आणि तेवढ्यात हे औत आपले काम उत्तम करते.

नऊ फणांतील अंतर सामान्यतः नऊ इंच, म्हणजे सुमारे तेवीस सेंटिमीटर असते, आणि ते पुढेमागे अशा दोन रांगांत बसवलेले असतात, जेणेकरून ढेकळे व काडीकचरा त्यांच्यात अडकून राहू नये. प्रत्येक फणाने उचललेली पाचर खाली अरुंद आणि वर रुंद असल्याने पृष्ठभाग एकसारखा फुटलेला दिसतो, परंतु हात घालून पाहिले तर तळाशी दोन फणांच्या मध्ये न फुटलेल्या मातीचे लहान वरंबे लागतात. मोठ्या वावरात उभी मोगडणी झाल्यावर आडवी केली जाते ती एवढ्यासाठीच. गुंठाभर वाडीत आडवे फिरण्यास बहुधा जागा नसते. तेथे दुसरी पाळी त्याच दिशेने, पण औत चार-साडेचार इंच बाजूला सरकवून मारावी, म्हणजे पहिल्या पाळीतील वरंबे दुसऱ्या पाळीतील फाळांच्या वाटेवर येतात.

फणांना जाड स्प्रिंगा का असतात, असे पुष्कळ जण विचारतात. मोठा दगड किंवा झाडाचे मूळ आडवे आले की स्प्रिंग ताणली जाऊन फण मागे झुकतो आणि अडथळा ओलांडताच जागेवर येतो. घरामागच्या जागेत जुन्या बांधकामाच्या विटा, खांबांचे बुडखे आणि निंबाची मुळे हमखास असतात, तेव्हा तेथे स्प्रिंगांचे औत मागवणे शहाणपणाचे. कठीण दांड्यांचे औत अशा जागी वाकते किंवा सांधा तोडते.

तीन बिंदूंवर टांगलेले औत

ट्रॅक्टरच्या मागे औत जोडण्याची आजची रीत हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने रूढ केली. त्यापूर्वी ट्रॅक्टर औताला बैलगाडीप्रमाणे मागे ओढीत असे, आणि ओढले जाणारे औत मागे ढकलता येत नसे, वळवण्यास विस्तीर्ण जागा लागे, व नांगर खडकाला अडकला तर ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उलटून चालकाचा जीव जात असे. फर्ग्युसनने खाली दोन बाहू आणि वर एक दांडा अशा तीन बिंदूंवर औत टांगले आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची व्यवस्था केली. 1939 मध्ये फोर्डच्या सहकार्याने ही रचना अमेरिकेत बाजारात आली, आणि 1946 पासून इंग्लंडातील कोव्हेंट्री येथे याच रचनेचे लहान ट्रॅक्टर मोठ्या संख्येने निघू लागले. आपल्या वाचकाने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की फर्ग्युसनच्या नजरेसमोर लहान शेतकरी होता. घोड्याच्या जागी येणारे, लहान बांधांत फिरू शकणारे हलके यंत्र त्याला घडवावयाचे होते.

या रचनेत खालचे दोन बाहू औत ओढतात. मातीचा प्रतिकार फाळांना मागे खेचतो, त्यामुळे औताचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो आणि वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरला पुढे रेटतो. परिणामी ट्रॅक्टरचा पुढचा भाग जमिनीवर टेकलेला राहतो आणि औताचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते.

वरचा दांडा फिरकीचा असल्याने त्याची लांबी कमीअधिक करता येते. तो आखूड केला की पुढच्या रांगेतील फण खोल जातात, लांब केला की मागच्या रांगेतील. चांगला चालक पहिले तास दहा-पंधरा फूट मारून खाली उतरतो, दोन्ही रांगांच्या खुणांत बोट घालून पाहतो, फिरकीला एक-दोन आटे देतो आणि मगच पुढे जातो. उजव्या बाहूवरही अशीच एक फिरकी असते. तिने औताची डावी-उजवी पातळी साधते. खालच्या बाहूंना असलेल्या साखळ्या मात्र वाडीत ताणून बांधाव्यात, कारण त्या सैल असल्या तर उचललेले औत वळताना हेलकावे खाऊन तारेच्या कुंपणात शिरते.

औत मातीत शिरत नाही म्हणून त्यावर एखाद्या पोराला उभे करण्याची वाईट चाल खेडोपाडी आढळते. तिचा निषेध करावा तितका थोडा. पाय घसरला तर तो सरळ फाळांखाली येतो, आणि पुढे पाहणाऱ्या चालकाला ते कळतही नाही. औत शिरत नसेल तर फाळ बोथट झालेले असतात, वरचा दांडा जास्त लांब झालेला असतो किंवा माती अतिशय वाळलेली असते. या तिन्हींवर माणसाचे वजन हा उपाय नव्हे.

तेहतीस फुटांचा हिशेब

आता मूळ कोड्याकडे वळू. सातबाऱ्यावर हल्ली क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जात असले तरी बोलण्यात गुंठाच टिकून आहे, आणि गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, सुमारे शंभर चौरस मीटर. नऊ फणांचे औत साडेसहा फुटांहून थोडी अधिक रुंदी व्यापते, म्हणजे गुंठ्यात पाच तासे. ताशी तीन किलोमीटर या मोगडणीच्या वेगाने दहा मीटरांचे एक तास बारा सेकंदांत संपते. पाच तासांना एक मिनिट. परंतु प्रत्येक तासाच्या शेवटी औत उचलणे, गियर बदलणे, वळणे, पुन्हा रांगेत येणे आणि औत टेकवणे यांस पंचवीस सेकंद धरले, तर चार वळणांना शंभर सेकंद लागतात. एकराच्या चौकोनात हेच तास चौसष्ट मीटरांचे असल्याने सव्वा मिनिट चालते आणि वळणाला तेवढेच पंचवीस सेकंद. म्हणजे एकरात चार मिनिटांपैकी तीन मिनिटे फण मातीत असतात, गुंठ्यात जेमतेम तिसरा हिस्सा. आणि हाही हिशेब वळण्यास मोकळी जागा आहे असे गृहीत धरून केलेला आहे.

ती जागाच नसते, आणि खरी अडचण तेथे आहे. ट्रॅक्टरच्या नाकापासून मागच्या फणांपर्यंत तेरा-चौदा फूट अंतर असते. नाक समोरच्या कुंपणाला टेकले तेव्हा फण अजून तेरा फूट मागे असतात, आणि पुढची ती पट्टी अस्पर्श राहते. तेहतीस फुटांपैकी उरले वीस. त्यातही फाळ टेकताक्षणी पूर्ण खोलीवर जात नाहीत. एक-दोन हात पुढे गेल्यावरच ते बसतात. चालक पुढेमागे करीत राहतो तो या तेरा फुटांशी झुंजत.

उलटे आत, सुलटे बाहेर

या अडचणीची सोडवण टांगलेल्या औताच्या रचनेतच आहे. ओढलेले औत मागे ढकलता येत नव्हते. टांगलेले औत उचलून ट्रॅक्टर कितीही मागे नेता येतो. तेव्हा वाडीत नाक घालून शिरू नये. औत उचलून ट्रॅक्टर उलटा आत न्यावा, मागचे फण समोरच्या कुंपणाजवळ आले की औत टेकवावे, आणि माती फोडीत सरळ बाहेर रस्त्यावर यावे. बाहेर औत उचलावे, ट्रॅक्टर सहा फूट बाजूला घ्यावा आणि पुन्हा उलटे आत जावे. अशा रीतीने जागेची पूर्ण लांबी मोगडली जाते, वाडीत एकही वळण घ्यावे लागत नाही, आणि शेवटच्या पाळीचा अपवाद वगळता मोकळ्या झालेल्या मातीवरून चाके फारशी फिरत नाहीत.

यासाठी एक अट आहे: वाडीची एक संपूर्ण बाजू उघडी हवी आणि तिच्यापुढे ट्रॅक्टर बाहेर येऊन उभा राहील इतकी मोकळी जागा हवी. आठ फुटांचे फाटक पुरत नाही, कारण फाटकासमोरच्या एका पट्टीलाच त्याचा लाभ होतो. बाकीच्या पट्ट्यांत फाटकाच्या बाजूचे तेरा फूट तसेच राहतात. म्हणून ज्यांना दरवर्षी ट्रॅक्टर लावावयाचा आहे त्यांनी रस्त्याकडील बाजूस पक्की भिंत न घालता खांब उपटून बाजूला ठेवता येतील असे काट्याचे किंवा जाळीचे कुंपण ठेवावे. एका ओळीतील चार-पाच घरांनी आपापल्या वाड्यांच्या मधली कुंपणे एकाच दिवशी काढून सलग लांब पट्टी केली तर सर्वांचेच काम अल्प वेळात होते, आणि तासावर भाडे घेणारा चालकही लहान कामाला नाखुशी दाखवत नाही. हद्दीच्या खुणांचे दगड मात्र आधी दाखवून द्यावेत. औताने उखडलेला हद्दीचा दगड पुढे मोजणीपर्यंत प्रकरण नेतो.

जागेचा आकार निवडणे हाती असेल तर चौकोनाचा मोह सोडावा. तोच गुंठा अकरा फूट रुंद आणि नव्व्याण्णव फूट लांब आखला तर दोनच तासे मारून संपतो, आणि दोन्ही तासे तीस मीटरांची, म्हणजे ट्रॅक्टरला साजेशी होतात. पाच फणांचे औत आणि पंधरा-अठरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर मिळाला तर पावणेचार फुटांच्या पट्टीतही काम साधते, आणि त्याचे वजन मोठ्या ट्रॅक्टरच्या निम्म्याच्या आसपास असल्याने जमिनीवरील दाबही हलका पडतो.

ओलीचा घोटाळा

भूमिती साधली तरी मातीचा होकार हवा. वऱ्हाडच्या काळ्या मातीत निम्म्याहून अधिक चिकणमाती असते, आणि ती पाणी शोषून फुगते व वाळली म्हणजे आक्रसते. उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात त्या यामुळेच. तिची वागणूक गुळाच्या ढेपेसारखी आहे: कडक थंडीत ढेप दगडासारखी होऊन फोडावी लागते, श्रावणातील दमट हवेत ती सुरीला चिकटते, आणि या दोहोंच्या मधल्या काळातच तिचा हवा तसा चुरा निघतो. मातीची ही मधली अवस्था म्हणजे वाफसा. वाळलेल्या मातीत फण गेला तर विटेएवढी ढेकळे निघतात. ओल्या मातीत गेला तर पाचर तडकत नाही, फाळ नुसती चीर पाडतो आणि तिच्या बाजू सारवल्यासारख्या गुळगुळीत होऊन मुळांना व पाण्याला वाट बंद करतात. खारपाणपट्ट्यात सोडियममुळे माती पाण्यात अधिक विरघळते आणि निचरा मंद असतो, त्यामुळे वाफशाचे दिवस येथे इतर काळ्या जमिनींपेक्षाही थोडे मिळतात.

त्या थोड्या दिवसांची पारख सोपी आहे. चार इंच खोलीवरची मूठभर माती घ्यावी, घट्ट आवळावी आणि अंगठ्याने दाबावी. गोळा चेपून अंगठ्याचा ठसा उमटला तर माती अजून ओली. गोळा बनलाच नाही तर वेळ टळली. गोळा झाला पण दाबताच कणाकणांनी फुटला, तर त्याच दिवशी ट्रॅक्टर बोलवावा. परसात मात्र एकाच वाडीत मोरीजवळची माती चिखल आणि भिंतीजवळची कोरडी अशी स्थिती असते, म्हणून मूठ दोन-तीन ठिकाणची पाहावी.

ओल्या जागी ट्रॅक्टर घालण्याची हानी एका हंगामात भरून निघत नाही. चाकांमागचे फण चाकोरीचा वरचा थर मोकळा करतात आणि पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. त्याखाली बसलेला घट्ट थर मात्र तसाच राहतो. अरुंद जागेत वळण्यासाठी चालक एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, तेव्हा आतले चाक जागच्या जागी घोटले जाऊन ओल्या मातीत खळगा पडतो, आणि पुढच्या पावसात तेथेच पाणी साचून मिरचीची रोपे पिवळी पडतात.

चौकट: ट्रॅक्टर येण्यापूर्वी
रस्त्याकडील कुंपण काढून ठेवावे. नळाची पुरलेली नळी, हद्दीचे दगड आणि झाडांची मोठी मुळे यांवर काठ्या रोवाव्यात. उघड्या विहिरीच्या किंवा शोषखड्ड्याच्या काठापासून ट्रॅक्टरला दूर ठेवावे. काठावरची माती दोन टनांचा भार पेलीलच असे नाही. मुले व जनावरे घरात घ्यावीत, कारण उलट येणाऱ्या चालकाला औतामागचे दिसत नाही. शेणखत आधी पसरावे, म्हणजे औतच ते मातीत मिसळते.

तण आणि कोपरे

एका बाबतीत हे औत वाडीच्या मालकाला खास उपकारक आहे, आणि दुसऱ्या बाबतीत घातक. हरळीच्या काशा एप्रिल-मे महिन्यांत, माती पुरती दगड होण्याआधी, फणांत गुंतून लांबच्या लांब वर ओढल्या जातात. त्या वेचून उन्हात पसरल्या की करपून जातात. रोटाव्हेटर त्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येक पेरातून नवी हरळी उठते, म्हणून हरळीच्या वाडीत फणांचेच औत लावावे. लव्हाळ्याची गोष्ट निराळी. त्याच्या जमिनीखालील गाठी एकमेकींना बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात आणि साखळी अखंड असेतो पुष्कळशा गाठी निद्रिस्त राहतात. पाऊस पडल्यावर फण फिरवून ती तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवते, आणि शिवाय औताबरोबर वाडीभर पसरते. लव्हाळा थोड्या जागेत असेल तर ती जागा ट्रॅक्टरच्या वाटेतून वगळून कुदळीने खोल खणावी व गाठी हाताने वेचाव्यात. कुंपणालगतची फूटभर पट्टी आणि कोपरे हेही कुदळीचेच काम. चालकाकडून ते करून घेण्याच्या आग्रहात तारा तुटतात आणि तयार मातीवर पुन्हा चाके फिरतात. मोगडणी आटोपल्यावर ढेकळे एक-दोन दिवस वाळू द्यावीत, हलक्या पावसाने ती विरघळू लागली की हाताने फळी ओढून जागा सपाट करावी, आणि वाफे पाण्याच्या उताराला आडवे पाडावेत.